रुख्मिणीचा हुंकार

पटो न पटो, हे घडलेलं आहे. नांदगाव पेठेजवळच्या मळ्यात, गेल्या दिवाळीनंतर, भरदुपारी.

देवमन झेंडू घेऊन अकोल्याच्या बाजारात गेला होता. तिथे फोन आला. विहिरीवरची मोटर चालू करताना रुख्मिणीला शॉक लागला होता.

तो पोचला तेव्हा बायकोला अंगणात निजवलेलं होतं.

तेरवी झाली. पोरगी वर्षाली कॉलेजात गेली. तिला एका कादंबरीचं परीक्षण लिहून द्यायचं होतं. दिलं नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

"घरोघरी माणसं मरतात," सर म्हणाले. "शुक्रवारी पाहिजे."

कादंबरी अर्धीच झाली होती. आई होती तेव्हा वर्षाली ती मोठ्याने वाचायची आणि रुख्मिणी चटईवर हार ओवत हुंकार द्यायची.

"हूं... मंग?"

हुंकार आला, की पोरगी पुढचं वाचायची. दोघींची तशी सवयच होती.

गुरुवारी देवमन ओट्यावर बसला होता. आतून वाचण्याचा आवाज येत होता. थोडं वाचून झालं, की पोरगी गप्प व्हायची.

"काहून थांबली वं?"

"पुढे जाताच येऊन नाही राहिलं, बाबा."

"वाच ना. मी ऐकून राहिलो."

"तुमी? तुमी तं दुसऱ्याच पानावर घोरता!"

आई गेल्यावर ती पहिल्यांदा हसली. मग पुन्हा वाचू लागली.

वाक्य संपलं.

आणि...

"हूं... मंग?"

देवमनने तोंडही उघडलं नव्हतं.

तो आत धावला. चटई रिकामी होती.

वर्षाली रडत होती आणि वाचत होती. प्रत्येक वाक्याला हुंकार येत होता. तोच आवाज... जरा बसलेला.

"रुख्मिणी..."

काहीच नाही.

"वर्षालीची माय, माह्याशी एक शब्द तं बोल!"

काहीच नाही.

पोरीने पुढची ओळ वाचली.

"हूं... मंग?"

पुस्तकाला उत्तर होतं. नवऱ्याला नव्हतं.

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा वर्षालीने पुस्तक मिटलं.

"संपलं तं आई जाईन, बाबा."

"अन् सरायले काय देशीन?"

तिने पुस्तक चटईवर ठेवून दिलं.

शुक्रवार गेला. परीक्षेच्या यादीतून तिचं नाव गेलं. सरांच्या घरी त्या दिवशीही सगळे जिवंत होते.

आता कोणी वाचत नाही. तरी एखाद्या दुपारी, घरात सामसूम असताना, चटईकडून येतं...

"मंग?"

देवमन ओट्यावरून उठत नाही.

शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं आहे. परीक्षण लिहायचं राहिलं आहे.