भिंतीपलीकडचा वाचक

पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला तेव्हा मी पलंगावर पाय पसरून बसले होते आणि केसांतून पाणी निथळत होतं. पाऊस नुकताच थांबला होता. खोलीत दिवा लावायचा कंटाळा केला होता... आणि माझ्या डोक्यामागच्या भिंतीतून एक पुरुष, अगदी शांतपणे, माझंच वाक्य बोलला.

"ऐकू येईनासं झालं, की माणसं आधी हसायची थांबतात."

हे मी आदल्याच दिवशी लिहिलं होतं. माझ्या ब्लॉगवर. आणि माझा ब्लॉग वाचतं कोण? एक माझी ताई, तीही मी फोनवर मागे लागल्यावर. आणि एक टक्कल घालवायचं तेल विकणारा, जो प्रत्येक पोस्टखाली 'छान' लिहून आपली बाटली चिकटवतो.

बरं, भास झाला म्हणावं तर माझीच पंचाईत. मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं आणि घरी येऊन त्या माणसांबद्दल लिहायचं. माझेच कान बिघडले, तर कुणाकडे जायचं? भिंतीला कान असतात, हे ऐकून होते. तोंडही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी बाहेर जाऊन पाहिलं. शेजारच्या दाराला कुलूप, कुलपाला गंज. मालकीणबाई म्हणाल्या की तिथं वर्षानुवर्षं कुणी राहत नाही. मग माझ्याकडे जरा निरखून बघत त्यांनी मी वेळेवर जेवते ना, ते विचारलं.

आवाज मात्र रोज यायला लागला. तिन्हीसांज झाली की यायचाच. मी भ्यायचे, आणि — आता खोटं कशाला बोलू — वाटही बघायचे. मी जिथे विचार करून स्वल्पविराम दिलेला असायचा, तिथे तो बरोबर थांबायचा. एकदा तर ज्या विनोदावर ताईनं "हं" केलं होतं, त्यावर भिंत खुदकन हसली. मला रात्रभर बरं वाटत होतं, पांघरूण डोक्यावरून घेऊन का होईना.

पण भिंतीच्या जिवावर माणूस किती दिवस लिहिणार? दुकानातून आले की बोटं जड व्हायची. पान उघडायचं, कोऱ्याकडे बघत बसायचं, मिटायचं. ताई म्हणाली, "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? कुणी मागितलंय का तुझ्याकडे?" मला राग आला, कारण तिचं खरं होतं. मी लिहिणं थांबवलं. म्हटलं, आता भिंतही गप्प बसेल.

भिंत गप्प बसली नाही.

"आज दुकानात एक आजोबा आले," आवाज म्हणाला. "येताना लिफ्टमध्ये अडकले होते, तर काय."

मी ताठ झाले. हे मी लिहिलं नव्हतं. 'तर काय' माझं, छोटी छोटी वाक्यं माझी, पण आजोबा कुठले? आमचं दुकान तळमजल्यावर आहे, तिथे लिफ्टच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या गोष्टीत एक बाई आल्या, त्याही लिफ्टमध्ये अडकलेल्या. माझं लिहिणं माझ्यावाचून पुढे चाललं होतं. आणि मग एका संध्याकाळी...

"दुधाचं पातेलं सांडलं, तशी ती तिथेच जमिनीवर बसून रडली. दुधासाठी नव्हतं ते रडणं." आवाज थोडा अडखळला. "उद्या सगळं लिहिलेलं पुसून टाकायचं ठरवलंय तिनं."

अंगावर सर्रकन काटा आला. दूध सकाळीच सांडलं होतं. दार बंद होतं, खिडकी बंद होती. आणि पुसून टाकायचं तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा नाही. मी चपला घातल्या आणि जिन्यातल्या दिव्याखाली जाऊन उभी राहिले. ब्लॉग पुसायचा, खोली सोडायची, ताईकडे जायचं... सगळं तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक काकू आल्या. जुन्या गिऱ्हाईक, डोळ्यांनी अधू, मीच त्यांना मशीन बसवून दिलं होतं. त्यांना तपासणीच्या खोलीत बसवलं. ती खोली अशी, की बाहेरचा एकही आवाज आत येत नाही, दार लावलं की स्वतःचा श्वासही मोठा वाटतो. मी पाठमोरी वायरी सोडवत होते, तेवढ्यात दार उघडून कुणीतरी आत आलं.

"आईला जरा जास्तच ऐकू यायला लागलंय," मागून आवाज आला.

तोच आवाज. माझ्या हातून वायरी गळून पडल्या. इथे भिंतीपलीकडे काहीच नव्हतं, तो माझ्यामागे हातभर अंतरावर होता. मी हळूच वळले. पावसात भिजलेला एक उंच माणूस, बाहीवर काळ्या वंगणाचे डाग, डोळ्यांत भीती — माझ्याइतकीच.

"तुम्ही... काय करता?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"लिफ्ट दुरुस्त करतो."

म्हणजे आजोबांना लिफ्टमध्ये अडकवणारा हाच.

मग काकूंनी सगळं सांगून टाकलं. माझ्या पलंगामागची भिंत त्या कुलूपवाल्या घराची नव्हतीच, मागच्या इमारतीची होती. त्यांचं दार पलीकडच्या रस्त्यावर. दुकानाच्या कार्डामागे मी लिहून दिलेला ब्लॉगचा पत्ता होता, मुलगा रोज वाचून दाखवायचा. मी त्यांच्या मशीनचा आवाज जरा सढळ हातानं वाढवला होता आणि भिंत होती पातळ. फोनवरचं माझं रडगाणं त्यांना ऐकू यायला लागलं, आवाज ओळखीचा निघाला. मग त्यांनी मुलाला भिंतीशी उभं राहून मोठ्यानं वाचायला लावलं. मी थांबले तेव्हा त्याला स्वतःच रचायला सांगितलं. निदान चिडून तरी लिहील, म्हणे.

मी चिडलेच. भुतासारखं छळलंत मला, म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"दुधाचं वाचायला नको होतं," तो म्हणाला. "आईनं सांगितलं म्हणून... नाही, आईचं नाव नको. वाचलं मी. माफ करा."

"पण पुसून टाकायचं मी कुणालाच बोलले नव्हते."

"मनातलं मोठ्यानं बोलतेस तू, पोरी," काकू म्हणाल्या. "एकटी राहणारी माणसं बोलतात. त्यांचं त्यांनाच कळत नाही."

मी खाली वाकून पडलेल्या वायरी गोळा करायला लागले.

निघताना तो दारात घुटमळला.

"पुसलंत का?"

"अजून नाही."

"मग नका पुसू. तुम्ही थांबलात तर मलाच लिहावं लागेल... आणि माझ्याकडे फक्त लिफ्टच आहेत."

"कळलं ते. बिचारे आजोबा."

"अजून आतच आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्हीच सोडवा."

मी हसले. त्याच संध्याकाळी आजोबांना सोडवलं, दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला तरी. बोटं जड व्हायची थांबली नव्हती, पण पलीकडे एक माणूस उभा असे. काकूंचं मशीन वरचेवर बिघडायला लागलं, त्याला ते घेऊन दुकानात यावंच लागे, आणि परतताना आमची छत्री एकच असे. मी विचारलं, आईसाठीच वाचता ना? तो म्हणाला, "आधी आईसाठी. आता तिला डुलकी लागली तरी मी थांबत नाही." आणि आधी चोरून वाचत नाही, हेही सांगितलं. आईबरोबरच त्यालाही कळायचं.

मला तो आवडायला लागला होता आणि त्याचीच धास्ती बसली होती. सांगितलं आणि त्याला नको असलं, तर हा आवाज जाईल. मग मी लिहिणार कुणासाठी?

तरी एका संध्याकाळी लिहिलं. पोस्टच्या अगदी शेवटी एक ओळ. दिवा न लावता भिंतीला पाठ टेकून बसले. आवाज आला. नेहमीसारखा वाचत गेला, काकू मधेच हसल्या. शेवट जवळ आला... आणि तो थांबला. आमच्या तपासणीच्या खोलीतही नसते, अशी शांतता.

"थांबलास का?" काकूंनी विचारलं.

"आई, पुढचं... माझ्यासाठी आहे."

"मग मोठ्यानं वाच."

तो खाकरला. "मला तुम्ही आवडता. मधे भिंत नसली, तरी आवडाल."

मी वळून भिंतीला कान लावला. मग तेच वाक्य पुन्हा आलं — भिंतीच्या अगदी जवळून, हळू... आणि या वेळी तो वाचत नव्हता.