काळुरामची निवड

सन २०२३, डिसेंबरचा दुसरा आठवडा. डोंबिवलीत सकाळी शाल लागत होती. दुपारी जेवण उरकून पंढरी रोजच्यासारखे काचेचे कपाट पुसायला गेले आणि थबकले. एक बाहुली मान हलवत होती.

कपाटात बावीस बाहुल्या. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉल खेळाडूंच्या, साठ वर्षांपूर्वीच्या, स्प्रिंगवर डुगडुगणाऱ्या मानेच्या. परदेशी भंगारातून त्या शहाडच्या भंगारवाल्यांकडे येत. पंढरी आणि त्यांचे शहाडचे मित्र काळुराम वीस वर्षे त्या जमवत होते.

"कृतिका, कपाटाला हात लावलास?"

"मला काय करायच्यात तुमच्या मुंड्या, आबा?" सून भांडी घासताघासता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारची हलली. तिसऱ्या दिवशी तिच्या पुढची. पंढरींनी कुलूप लावले, किल्ली करगोट्याला बांधली आणि समोर खुर्ची टाकून बसले. नजर कपाटावर कमी, सुनेवर जास्त. तरी बंद काचेआड पुढची मान हललीच. टक्... टक्...

"दुसरी किल्ली करून घेतलीस तू."

कृतिकाने हात पुसले. "चोर ठरवलंत ना? सान्वी शाळेतून आली की आम्ही दोघी बाळकुमला, माझ्या आईकडे. मग बसा राखत."

नात जाणार म्हटल्यावर पंढरी खुर्चीतून उठले. ते कपाटाकडे बघत राहिले. डावीकडून, क्रमाने, रोज एक. असा सावकाश निवडणारा माणूस एकच होता.

दिवाळीत त्यांनी काळुरामकडून लाल टोपाची बाहुली आणली होती. बदल्यात काळुरामने त्यांच्या कपाटातली हवी ती उचलायची. उचलताना मालकाने पाठ फिरवायची, हा दोघांचा नेम. चौथ्या दिवशी काळुराम वारले. बदल्यातली बाहुली पंढरींनी त्यांच्या घरी पोचवलीच नाही. आणि आता रोज दुपारी कपाटाकडे तोंड करून पहारा देत होते.

त्यांनी कुलूप काढले. काच सरकवली. भिंतीकडे तोंड केले.

"उचल, काळुराम."

गंजलेल्या पत्र्याचा वास आला. सगळ्या माना एकदम टकटकल्या. मग एकेक थांबत गेली.

"आबा..." दारातून कृतिकाचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा. "तुमच्या मागे..."

"बघू नकोस. पाठ कर."

तिने पाठ केली.

सारे शांत झाल्यावर पंढरी वळले. एकवीस. निळ्या सदऱ्याची, त्यांची सर्वांत लाडकी, नव्हती. फळीच्या काचेवर ओल्या तळहाताचा ठसा होता, सहा बोटांचा. काळुरामला पाचच होती.

कृतिकाने काय पाहिले ते त्यांनी विचारले नाही. तिने भरलेल्या बॅगेतले सान्वीचे कपडे काढून परत घडी करून ठेवले.

"चुकलो," पंढरी म्हणाले.

देणे फिटले, नेणारा कोणीही असो.