जास्तीची ओ

चर्चच्या दुरुस्तीचं काम घेतलं तेव्हा मला काळजी होती ती फक्त मनोऱ्याची. चर्च गावकऱ्यांनीच बांधलेलं, जवळच्या टेकडीचा दगड फोडून. घंटेचा मनोरा मात्र पुढच्या पिढीने हौसेने जोडला, आणि जोडताना जुन्या भिंतीत नवे दगड गुंतवलेच नाहीत. नुसता खेटून उभा केला. तो आपल्या वजनाने खचत गेला आणि दोघांमध्ये हात जाईल एवढी भेग पडली. एका घरात अबोला धरून राहणाऱ्या नवराबायकोसारखे ते उभे होते.

आत मुख्य दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, त्यावर गायकांची लाकडी माडी, मग बाकांच्या रांगा, शेवटी वेदी. डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी कमानीचं छत. चुन्याचा आणि मेणबत्त्यांचा वास भिंतींत मुरलेला. मला ती वास्तू पहिल्याच दिवशी आवडली.

आमचे वडील गवंडी होते. मी इंजिनिअर झाले, धाकट्या भावाने, बारक्याने, वडिलांची थापी उचलली. या कामावर मीच त्याला घेतलं. निघताना आईने मला बजावलं होतं, "नेतेस तसा परत आण."

कामावरचे मुकादम त्याच गावचे, आणि त्यांची एक जुनी पद्धत होती. काम सुटलं की दाराला कुलूप घालण्याआधी ते एकेकाला हाक मारायचे. नुसती ओ देऊन भागायचं नाही, समोर येऊन चेहरा दाखवायचा. बारक्या मुद्दाम शाळेतल्या पोरासारखी लांबलचक ओ द्यायचा आणि सगळे हसायचे.

पहिल्याच संध्याकाळी सगळे बाहेर आल्यावर आतून आणखी एक ओ आली. हलकी, घसा कोरडा पडल्यासारखी. मुकादमांनी कुलूप लावलं.

दुसऱ्या सकाळी मी बारक्याला आकृती काढून समजावलं की दगडी छताखाली आवाज असा घुमतोच.

"ताई, घुमला तर हाकच परत येईल ना," तो म्हणाला. "हाकेला ओ कशी येईल?"

मी आकृतीचा कागद गुंडाळला आणि त्याला कामाला लावलं.

चर्चच्या फादरांनी एकदा चहा घेताना जुनी हकीकत सांगितली. छत बांधताना कमानीखालचा लाकडी साचा घाईने काढला आणि काही भाग कोसळला. सगळे बाहेर पळाले. हाका झाल्या, प्रत्येकाची ओ आली, तेव्हा सगळे सुटले असं समजून माणसं दार लावून घरी गेली. एका गवंड्याची ओ आतून आली होती; तो ढिगाऱ्याखाली पाण्यावाचून गेला. चेहरा दाखवायची पद्धत तेव्हापासूनची. सांगून झाल्यावर फादरांचा चहा तसाच राहिला.

मग एका दुपारी मनोऱ्याकडचं छत कडाडलं.

आम्ही वेदीशेजारच्या लहान दाराने बाहेर पळालो. मागून पांढऱ्या धुळीचा लोट आला. माडी खाली आली होती, मधली बांबूंची परांची आडवी झाली होती. बारक्या त्या परांचीवर होता.

मुकादमांनी हाका मारल्या. सगळ्यांनी ओ दिली, चेहरे दाखवले. बारक्याने दिली नाही.

मुकादमांनी पुन्हा हाक मारली. माणसं परांचीखालचे दगड उपसायला धावली.

तेव्हा ओ आली. परांचीकडून नव्हे, पार कुंडाच्या बाजूने.

तो बारक्याचा आवाज नव्हता. मला कळलं, मुकादमांनाही कळलं.

"तिकडे उपसा," ते म्हणाले.

कुंडाच्या आडोशाला, माडीच्या तिरक्या तुळईखाली बारक्या सापडला; परांचीवरून उडी मारून तो मुख्य दाराकडे पळाला असावा. बेशुद्ध. तोंडात चुन्याची भुकटी गच्च बसलेली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. आणि या तोंडातून आवाज निघणं शक्यच नाही.

मी फारशी देवभोळी नाही. पण त्या दिवशी मी रिकाम्या चर्चच्या दारात उभी राहून हात जोडले आणि मोठ्याने आभार मानले. ज्याची ओ ऐकून माणसं घरी निघून गेली, त्याने माझ्या भावासाठी ओ दिली होती. हे उपकार कसे फेडायचे?

छत पुन्हा उभं राहिलं. मनोरा या वेळी भिंतीत नीट गुंतवला. शेवटच्या संध्याकाळी मुकादमांनी हाका मारल्या, सगळे बाहेर आले, आणि मी थांबून ऐकत राहिले. आत काहीच नव्हतं. सुटला बिचारा, असं मला वाटलं आणि खरंच आनंद झाला.

बारक्या आता धडधाकट आहे. पूर्वीसारखा जेवतो, हसतो, माझी टिंगल करतो. फक्त हाक मारली की ओ देत नाही. मुकाट समोर येऊन चेहरा दाखवतो.

काल आईने त्याला जेवायला हाक मारली. तो माझ्या शेजारी बसला होता, ओठ मिटून. आतल्या रिकाम्या खोलीतून ओ आली. हलकी, कोरडी.

आईने मान वर केली नाही. रोजच्यासारखं तिने आणखी एक ताट मांडलं, आणि शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.