दारामागचं कार्ड

लोकांच्या घरातलं पाणी बघणं हे माझं काम, त्यामुळे लोक मला पाण्यात बघतात. पिंपाचं झाकण काढायचं, टॉर्च मारायचा, अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायचं आणि दारामागे टांगलेल्या कार्डावर तारीख घालून सही करायची. बावीस वर्षं हेच.

त्या चारमजली इमारतीत डेंगीचे अकरा रुग्ण निघाले, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. पहिल्याच दिवशी गच्चीपासून जिन्याखालच्या अडगळीपर्यंत सगळं पालथं घातलं. टाक्या, कुंड्या, फ्रिजमागचे ट्रे. औषधालाही एक अळी मिळाली नाही.

कार्डं मात्र भरलेली होती. प्रत्येक आजारी घरात शेवटची नोंद एकाच हातची: बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर आणि सहीच्या जागी नुसती रेघ. आमच्यात असं अक्षर कुणाचंच नाही. मी तारखा रुग्णांच्या यादीशी ताडून पाहिल्या. ज्या घरात जी तारीख, त्याच दिवशी ताप. ताप आल्यावर कुणीतरी येऊन लिहून गेलं असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या मजल्यावर एक शिंपीकाका एकटे राहायचे. अगदी ठणठणीत. त्यांच्या कार्डावर उद्याची तारीख होती.

"कोण आलं होतं, काका?"

"एक बाई. आठवडा झाला असेल." त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "पिंपात बघितलंच नाही तिने. माझ्याकडेच बघत होती."

"मग?"

"मग लिहिलं आणि गेली."

तारीख लिहिताना चुकतं माणूस, असं मी मनाला बजावलं. तरी त्यांचं पिंप रिकामं केलं, खिडक्यांना जाळी लावून घेतली, घरभर धूर केला. डास चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे चावायचा तो कधीच चावून गेला असणार. हे कळत होतं, पण हात थांबत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्याकडेच बसले. सारखा त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होते.

"पोरी, तूच आजारी पाडशील मला," काका हसून म्हणाले.

चार वाजता त्यांनी सुई घेतली. दोरा ओवता येईना. मी त्यांचा हात धरला, तर तो भाजत होता.

त्यांना रुग्णवाहिकेत बसवून मी तडक घरी आले. नवरा भाजी चिरत होता. लेक अभ्यासाला बसली होती.

"अगं, तुमच्या ऑफिसातली एक बाई सकाळी येऊन गेली," तो म्हणाला. "फार काही बोलली नाही."

मी दार पुढे ओढलं. मागे कार्ड होतं. आमच्या भागात कार्डं अजून वाटलेलीच नाहीत.

तारीख पुढच्या गुरुवारची होती.

तारखेच्या वर 'घरातील माणसे' असा रकाना असतो. त्यात त्याच कललेल्या अक्षरात 'दोन' लिहिलं होतं.

आम्ही तिघं आहोत.