गेडूच्या पुढचा थांबा

"इथं जेवायला थांबायचं," म्हणत शैलजाबाईंनी टेबलावरच्या नकाशात बोट टेकवलं. टेबलाची काच उजळली, भूतानचे डोंगर तिच्यातून वर उचलून आले आणि त्यांच्या कडेनं जाणारा रस्ता पिवळा झाला.

प्रतापराव बाबरांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. "अगं, तिथं हॉटेल नाही, टपरी नाही. नुसतं वळण आहे. खाली नदी."

"असू दे की. डबा नेऊ."

"त्यापेक्षा अलीकडे गेडूला थांबू. गरम भात तरी मिळेल." त्यांनी थांब्याची खूण मागं सरकवली. बाईंनी ती उचलून परत वळणावर आणून ठेवली.

"का कोण जाणे, मला तिथंच थांबावंसं वाटतं. आणि तुमचं हे नेहमीचंच. मी नकाशा उघडला की तुम्ही फाटे फोडायला हजर!"

बाबर मूळचे विट्याचे. सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन तिकडची माणसं देशभर पांगली, तसे प्रतापराव तरुणपणी सिलिगुडीला आले आणि इथलेच झाले. सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाआधी भूतानचं फाटक येतं. पण 'जाऊ, जाऊ' म्हणण्यातच उमेदीची वर्षं गेली. मग मुलगा ऋतुराज इंजिनियर होऊन पलीकडच्या एका जलविद्युत प्रकल्पावर लागला आणि त्यानं आईच्या मागं टुमणं लावलं. "हिवाळ्यात ये, आई. दोचुलाच्या खिंडीतून बर्फाची अख्खी रांग दिसते. एकदा बघशील तर गावाकडचा रेवणसिद्धाचा डोंगर विसरशील."

"देवाच्या डोंगराला नावं ठेवतोस होय रे?" म्हणून तिनं त्याला फोनवरच झापलं होतं. बेत ठरला होता. त्याच हिवाळ्यात गेडूच्या पुढच्या वळणावर दरड आली आणि ऋतुराजची जीप नदीत गेली. जीप सापडली. तो सापडला नाही.

"ऋतू खिंडीपर्यंत येईल ना आपल्याला न्यायला?" शैलजाबाईंनी विचारलं.

"येईल की," प्रतापराव म्हणाले. कसं बोलवलं त्यांच्यानं, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

शैलजाबाईंची स्मरणशक्ती ऋतुराज जाण्याच्या आधीपासूनच ढासळू लागली होती. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी 'स्मृतिसाथी' दिला. घरात त्याला सगळे चकतीच म्हणत. शर्टाच्या बटणाएवढी ती चकती उजव्या कानामागं चिकटायची आणि तिच्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकायचा. बाईंच्या आयुष्यातल्या आठवणी दूरच्या एका विदागारात, म्हणजे माहितीच्या कोठारात, साठवलेल्या होत्या. मेंदूतला एखादा धागा तुटला की चकती तिथली आठवण आणून अलगद जोडून द्यायची. नवऱ्याचं नाव, घरातल्या खोल्या, गॅस बंद केला की नाही, सगळं.

पण ती मुलाचं मरणही आणून द्यायची. रात्री पुसलं गेलेलं सकाळी ताजं होऊन यायचं आणि बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडायच्या. रोज सकाळी पोरगं नव्यानं मरत होतं. शेवटी प्रतापराव केंद्रावर गेले. तिथली मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "तेवढं वगळता येतं, काका. ती आठवण वर यायला लागली की चकतीच तिला मागं सारेल." त्यांनी संमतीचा अंगठा टेकवला. चूक म्हणा नाहीतर बरोबर म्हणा, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तेव्हापासून बाई हसत होत्या आणि सहलीचे बेत आखत होत्या. प्रतापराव कधी गाडीचं निमित्त काढत, कधी धुक्याचं. त्या दिवशी मात्र बाई हटेनात, तेव्हा त्यांनी राखून ठेवलेलं हुकमाचं पान टाकलं.

"शैला, ऐक. कुणाच्या मनातली माहिती सरहद्दीपलीकडे न्यायला कायद्यानं बंदी आहे. फाटक ओलांडलं की तुझी चकती बंद पडते. तिकडं तू मलासुद्धा ओळखायची नाहीस."

"बरंच झालं!" बाई खुदकन हसल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, जरा नवा माणूस बघायला मिळेल." आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेल्या.

आंघोळीला जाताना त्या चकती काढून वाटीत ठेवत. बाहेर आल्यावर पलंगावर गप्प बसून राहत, मग प्रतापराव येऊन चकती लावत. तेवढा वेळ बायकोची पाटी कोरी असते, असंच ते समजून होते. त्या दिवशी शेजाऱ्याची गाडी अडली म्हणून ते आपली गाडी बाजूला घ्यायला खाली गेले. परत आले तर पलंग रिकामा आणि स्वयंपाकघरातून भाकरी भाजल्याचा वास.

शैलजाबाई ओल्या केसांनी तव्यापाशी उभ्या होत्या. चकती वाटीतच होती. वळून त्यांनी प्रतापरावांच्या हातातल्या किल्लीकडं पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"गाडी तुमची का, दादा?"

प्रतापरावांनी मान डोलावली.

"मला पलीकडं न्याल? गेडूच्या पुढं एक वळण आहे. माझा लेक गेला तिथं." बोलता बोलता हात भाकरी उलटत होते. "लांबनं आलेल्या पोरावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकल्याबिगर त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत आमच्यात. माझा ऋतू आलाच नाही, दादा. मग म्हटलं, मीच जाते तिथवर."

प्रतापरावांनी दाराची चौकट धरली. यंत्रानं रोज आणून दिलेलं रोज पुसलं जात होतं. पण आईनं स्वतःच्या जिवात धरलेलं हे दुःख कुठल्याच विदागारात नव्हतं. ते मुळात विसरलंच गेलं नव्हतं. आपण चकती लावत होतो आणि रोज तिच्या हातून तिचा लेक काढून घेत होतो, हे त्यांना आत्ता कळलं.

"आमच्या मालकांना मात्र बोलू नका," बाई हळूच म्हणाल्या. "पोरगं गेल्यापासून ते रडलेलेच नाहीत. दगड झालेत. खरं सांगितलं तर मोडतील. डोंगर बघायला चाललोय, असंच सांगायचं त्यांना."

प्रतापरावांना तिथंच बसून ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण अनोळखी माणसाला तो हक्क नव्हता. "नेतो, ताई," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी वाटीतली चकती उचलून तिच्या कानामागं लावली. हिरवा ठिपका लागला आणि बाईंचा चेहरा बघता बघता उजळला. "अगंबाई, भाकरी कोणी थापली? बरं झालं, ऋतूला आवडते. बांधून ठेवते. उद्या निघायचं का हो?"

"उद्याच निघू," प्रतापराव म्हणाले आणि नकाशातला थांबा तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलेलं असताना गाडी फाटकासमोरच्या रांगेत उभी होती. शैलजाबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती. वाटेत त्या चहाचे मळे बघून हरखल्या होत्या, माकडांना नावं ठेवून झाली होती. चकती बंद ठेवायच्या कागदावर सही करून प्रतापराव गाडीत परत आले.

"अहो, असं तोंड का पाडलंय? फिरायला चाललोय ना आपण?"

"काही नाही गं. शैला, एकदा माझ्याकडं बघ बरं."

"बघतेय की. आता काय म्हाताऱ्याची दृष्ट काढू?" त्या हसल्या, आणि ते हसू प्रतापरावांनी डोळे भरून बघून घेतलं.

रंगीत कमानीखालून गाडी पुढं सरकली. हिरवा ठिपका दोनदा लुकलुकला आणि विझला. हसू ओठांवरच थोडा वेळ राहिलं, मग तेही गेलं. बाईंनी मांडीवरचं फडकं चाचपलं, भाकरी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि चढणीच्या रस्त्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, अगदी शांतपणे.

प्रतापरावांनी गाडी कडेला घेतली. त्यांना समोरचं काही दिसतच नव्हतं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

काही वेळानं त्यांच्या खांद्यावर एक हात आला. बिचकत, पण मायेनं.

"दादा," शैलजाबाई म्हणाल्या, "तुमचंही कुणी गेलंय का हो तिथं?"