सपाट मैदानातली दरड

"माझ्या आईच्या कुरणात दरड कधी कोसळली हो?"

मी मान वळवली. मागे एक उंच मुलगा उभा होता. टोपीतून पाणी ठिबकत होतं आणि नजर थेट माझ्या संगणकावरच्या नकाशावर. डोंगरावरच्या आमच्या मानिसालेस गावाला पाऊस रोजचाच, त्यामुळे भिजलेल्या माणसांचं मला काही कौतुक नव्हतं. तो प्रिंटर शोधत चुकून आमच्या प्रयोगशाळेत शिरला होता.

"कुठलं कुरण?" मी वैतागून विचारलं.

"हे काय, कासानारेच्या मैदानातलं. तिथे उंच म्हणाल तर वारुळं. दरड आणलीत कुठून?"

पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आमच्या देशात नकाशांचे जुने आरंभबिंदू वेगवेगळे. पश्चिमेच्या बिंदूवरून मोजलेले आकडे मधल्या बिंदूच्या मापात टाकले, की सगळं तीन अंश पूर्वेला सरकतं. आमच्या डोंगरातल्या यच्चयावत दरडी पर्वतरांग ओलांडून याच्या गाईगुरांवर जाऊन पडल्या होत्या.

"गाई दगावल्या का रे?" मी विचारलं.

"नाही. पण घाबरल्यात बिचाऱ्या." तो हसला. "मी येसिद. पुराच्या नकाशांवर काम करतो, वरच्या मजल्यावर."

"मार्लेनी. आणि मला अहो-जाहो कशाला करतोस? एवढी म्हातारी दिसते मी?"

"आमच्याकडे गाईलाही तुम्हीच म्हणतात."

तेव्हा हसायचंसुद्धा जिवावर आलं होतं. पदव्युत्तरचं दुसरं वर्ष माणसाला पिळून चिपाड करतं. माझ्या प्रबंधासाठी दरडींची उपग्रहचित्रं मागवावीत, तर त्यात नुसते ढग. म्हणून डोंगर चढून एकेक दरड डोळ्यांनी पाहायची, यंत्रात तिची जागा टिपायची, खाली येऊन पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासायच्या. त्याच आठवड्यातल्या शनिवारपासून येसिद माझ्याबरोबर डोंगर चढायला लागला. का, ते मी विचारलं नाही... त्यानेही सांगितलं नाही.

"तुमच्या गावात रस्ते आहेत की शिड्या?" तो धापा टाकत म्हणायचा.

"आणि तुमच्याकडे चेंडू ठेवला तर संध्याकाळपर्यंत तिथेच असतो म्हणे."

"असतो की. शोधायला जावं लागत नाही."

उतरताना चिखलात तो पुढे व्हायचा आणि मागे न बघता हात मागे धरायचा. मी धरायचे. खाली चहाच्या टपरीसारख्या एका दुकानात गुळाचं गरम पाणी घ्यायचो, त्यात चीज बुडवायचो. तो बोलायचा, मी पेल्यावर हात शेकत डोळे मिटून ऐकायचे. कुणासमोर इतकं बिनधास्त थकता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग त्याचा प्रबंध आधी संपला. गावाकडे पूरनियंत्रणाची नोकरी मिळाली.

"तुमचं सादरीकरण ऐकून त्याच दुपारच्या बसने निघेन," तो म्हणाला. "म्हणजे... तुमचं काही म्हणणं नसेल तर."

म्हणणं होतं. पण बोलायला बळ लागतं, आणि माझं सगळं बळ प्रबंधाने खाल्लं होतं. "बरं," एवढंच म्हणाले. घरी येऊन स्वतःला भरपूर शिव्या घातल्या.

सादरीकरणाच्या दिवशी डोळे चुरचुरत होते. मी नकाशा उघडला, बोलायला लागले आणि परीक्षकांच्या भुवया वर चढल्या.

"मार्लेनी," आमच्या प्राध्यापिका अम्पारोबाई म्हणाल्या, "या दरडी मैदानात काय करताहेत?"

तोच पहिला, चुकलेला नकाशा. मागच्या रांगेत येसिद पायाजवळ बॅग ठेवून बसला होता. तो हसला नाही. मी नकाशा बंद केला, बरोबरचा उघडला आणि चूक कशी होते ते नीट समजावलं.

"ठीक," बाई म्हणाल्या. "पण चूक कळूनही हा नकाशा इतके महिने ठेवलात कशाला?"

थकलेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

"पुसवला नाही, बाई. याच्यामुळे मला एक माणूस भेटला."

बाईंनी सावकाश मागे वळून पाहिलं. येसिदचे कान लाल झाले होते. "हे प्रबंधात लिहू नका," बाई म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न विचारला.

पास झाले. बाहेर ओसरीत तो बॅग खांद्याला लावून उभा होता. पाऊस लागलाच होता.

"बस चुकेल तुझी," मी म्हणाले.

"दुसरी असते." तो टोपी हातात फिरवत राहिला. "आत म्हणालात ते... खरं?"

"खरं. तू मला फार आवडतोस, येसिद. आधीच सांगणार होते, पण इतकी दमले होते रे..."

तो जवळ आला आणि माझ्या पाठीवरची जड पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"नकाशाची गोष्ट सांगितल्यापासून आई दर रविवारी फोनवर विचारते," तो म्हणाला, "ती दरड आपल्याकडे येणार कधी?"

माझे डोळे भरून आले. मी त्याच्या ओल्या बाहीवर डोकं टेकलं.

"आधी पोटभर झोपू दे मला. कोसळायलासुद्धा अंगात त्राण लागतं."

"झोपा की," तो म्हणाला. "मी थांबतो."