लाल दिवा विझेपर्यंत

"कुणी आहे का?"

दार ढकलून क्षिप्राने चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं. आत माणसं होती की! दोन ढोलकीवाले, एक कीबोर्डवाला, आणि मधोमध माइकसमोर हिरव्या लुगड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई. सगळे श्वास रोखून उभे. बाई डोळे मिटून हळदीचं गाणं म्हणत होत्या, त्या थांबल्या. एक डोळा उघडून त्यांनी क्षिप्राला न्याहाळलं आणि तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसायला लागल्या.

तेव्हा कुठे क्षिप्राला दारावरच्या लाल दिव्याचा अर्थ कळला. चांगला पेटलेला!

काचेपलीकडून एकजण हेडफोन गळ्यात अडकवत बाहेर आला. सावळा, उंच, आणि वैतागलेला.

"मॅडम, सकाळपासून पाऊस थांबायची वाट बघत बसलेलो. वर पत्रा आहे. पाऊस आला की आमचं काम बंद. आत्ता कुठे थांबलेला, ठमामावशी रंगात आलेल्या... आणि तुम्ही आलात."

"सॉरी! दिवा बघितला मी, पण मला वाटलं... देव्हाऱ्याचा असेल."

एक ढोलकीवाला फिस्सकन हसला आणि त्या उंच माणसाचा वैताग कुठल्या कुठे पळाला. हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडते, हे क्षिप्राला दिसलं. दिसलं म्हणजे काय, दिसतच राहिलं. तेवढ्यात पत्र्यावर पुन्हा पाऊस ताडताड वाजायला लागला.

"घ्या!" तो म्हणाला. "आता बसा निवांत. मी मितेश भोईर. चहा घेणार?"

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा गाळा मितेशचाच. आजोबांची तिथे भातशेती होती, वडिलांच्या वेळेला गाळे झाले, आणि नातवाने भाड्याचं उत्पन्न सोडून एका गाळ्यात स्टुडिओ थाटला. आगरी हळदीची गाणी, नाटकांचं पार्श्वसंगीत, जाहिरातींचे आवाज... मिळेल ते काम. घरच्यांच्या मते, शुद्ध वेडेपणा.

आणि क्षिप्रा सामंत? डोंबिवलीच्या एका कॉलेजात तासांवर शिकवणारी, वर्तकनगरच्या वसाहतीत आईबरोबर राहणारी, आणि काळजी करण्यात पहिला नंबर काढणारी मुलगी. कुलूप लावलं तरी परत जिन्यावरून वर जाऊन ओढून बघणार. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, ही काळजी तर तिला जून उजाडायच्या आधीच लागायची. त्यात विद्यापीठाने कॉलेजांना सांगितलेलं, आसपासच्या कलाकारांशी, स्टुडिओंशी करार करा, मुलांना हातात काम घेऊन शिकू द्या. विभागप्रमुख रचना मॅडमनी ही जबाबदारी अलगद क्षिप्राच्या गळ्यात टाकली. ठाण्यातल्या काचेच्या दारांच्या स्टुडिओंनी तिच्या फोनला दादच दिली नाही. शेवटी वर्गातली अक्षदा म्हणाली, "मॅडम, आमच्या हळदींना ज्यांची गाणी वाजतात त्यांना विचारा ना!"

म्हणून ती आली होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तिने सगळं एका दमात सांगितलं. मितेशने ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरं इथे येणार, शिकणार. मला काय मिळणार?"

"तुम्हाला... मदत मिळेल. विद्यापीठाचं नाव मिळेल. आणि..."

"आणि तुम्ही येणार का पोरांबरोबर?"

"यावंच लागेल. मी समन्वयक आहे."

"मग चालेल," तो म्हणाला आणि काचेआड निघून गेला. क्षिप्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'सहज म्हणाला असेल,' तिने स्वतःला बजावलं.

थोड्या वेळाने त्याने तिला हाक मारली. बिघडलेल्या रेकॉर्डिंगमधला तिचा 'कुणी आहे का?' त्याने नुसताच वाजवून दाखवला, आणि त्याच्यामागून ढोलकी सोडली.

"गाण्याच्या सुरुवातीला ठेवू? तुमची परवानगी असेल तरच."

"वेडे आहात का?"

"राहू दे रं," ठमामावशी मागून म्हणाल्या. "हलदीच्या घरान कुनी ना कुनी हाका मारीतच येते. पोरी, हो बोल."

पोरीने हो म्हटलं. बाहेर पडल्या पडल्या तिला त्याचीही काळजी लागली.

एका सत्रापुरता, चाचणी म्हणून करार झाला. सत्र संपलं की विद्यापीठाची समिती येणार, काम बघणार आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार.

श्रावणभर मुलं गाळ्यावर येत राहिली. माइक कुठे धरायचा, तार कशी गुंडाळायची, गाणाऱ्याचा श्वास कुठे कापायचा नाही, सगळं शिकली. क्षिप्रा कोपऱ्यात बसायची. पहिल्याच दिवशी ती जरा हलली आणि अख्खं कडवं वाया गेलं.

"मॅडम... बांगड्या," मितेश म्हणाला.

तिने काचेच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. त्याने त्या घेतल्या आणि आपल्या टेबलावरच्या हेडफोनच्या खुंटीला अडकवल्या. नंतर ते रोजचंच झालं. ती आली की हात पुढे करायची, तो बांगड्या घ्यायचा. तेवढंच. पण लोकलला उशीर झाला की क्षिप्राला तास बुडण्याआधी ते आठवायला लागलं.

आणि शेवटी ती शांतता असायची. रेकॉर्डिंग संपलं की मितेश हात वर करायचा.

"आता कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. खोलीचा स्वतःचा आवाज घेऊया. नंतर दोन तुकडे जोडताना मध्ये तोच लागतो. रिकामी वाटते, पण शांतता रिकामी नसते, काय?"

मग सगळे गप्प. लाल दिवा पेटलेला. पंखा बंद, फोन बंद. मुलं जमिनीकडे बघत असायची, ठमामावशी छताकडे. आणि मितेश... तो काचेपलीकडून सरळ तिच्याकडे बघायचा. पहिल्या वेळी तिने नजर वळवली. दुसऱ्या वेळी जरा उशिरा वळवली. नंतर नंतर वळवेनाशीच झाली. हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं... आणि छातीत असं धडधडायचं की माइकमध्ये ऐकू जाईल की काय, अशी तिला धास्ती वाटायची.

पाऊस आला की गप्पा.

"तुमचं गाव कोणतं?" त्याने एकदा विचारलं.

"वेंगुर्ल्याजवळ."

"म्हणजे मासे खाता! चला, अर्धी काळजी मिटली."

"कसली काळजी? तुम्हाला कसली काळजी?"

"एकट्या तुम्हीच करायची का? आम्हालाही असते, मॅडम..."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती..." त्याने वर पत्र्याकडे बघितलं. "पाऊस थांबला वाटतं. चला, कामाला लागा!"

असं! नेमकं हवं तिथे थांबायचं, ही त्याची खोडच होती.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि गाणं सुटलं. म्हणजे सुटलंच! मानपाड्यात, कल्याणात, ठाण्यात, हळदीच्या मांडवामांडवात क्षिप्राचा 'कुणी आहे का?' घुमायला लागला. रिक्षात बसली तरी तोच. मुलं वर्गाच्या दारात उभी राहून तसंच ओरडायची आणि पळायची. मितेश खूश, ठमामावशी खूश. क्षिप्राची मात्र झोप उडाली, कारण समिती आठवड्यावर आली होती.

रचना मॅडमनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"हे बघ क्षिप्रा. मागे एका कॉलेजातल्या बाईंनी मुलांना आपल्या दिराच्या कंपनीत पाठवलं. मुलं सत्रभर चहा आणत बसली. तेव्हापासून समिती प्रत्येक समन्वयकाला विचारते, त्या स्टुडिओशी तुमचं वैयक्तिक नातं आहे का. तुला विचारतील. नाही म्हण आणि गप्प बस."

"पण मॅडम, आमचं तसं काही..."

"मला डोळे आहेत गं. हो म्हणालीस तर समन्वयक राहणार नाहीस. आणि समन्वयक नसलीस तर पुढच्या वर्षी तुझ्या तासांसाठी कोण भांडेल?"

क्षिप्राने मनातल्या मनात हिशोब मांडला. घरी आईची पेन्शन आणि हिचे तास, यावरच तर सगळं चाललेलं. आणि करार मोडला तर मुलांचं काय? एक साधा 'नाही'. त्यात खोटं तरी काय होतं? तो कधी काही बोलला नव्हता, तीही नाही.

समितीच्या आदल्या दुपारी ती गाळ्यावर गेली. बांगड्या सवयीने उतरवून त्याच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं.

"काय सांगू मी?"

मितेशने हातातली तार गुंडाळली. गुंडाळलेली सोडून परत गुंडाळली.

"नाही म्हणा," तो म्हणाला. "सरळ नाही म्हणा. पोरांचं काम बंद पडायला नको. आणि... आपल्यात आहे तरी काय?"

वर पाऊस नव्हता. एक एक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"बरोबर," क्षिप्रा म्हणाली. "आहे तरी काय!"

ती निघाली ती थेट स्टेशनपर्यंत चालत आली. हात हलका लागला तेव्हा लक्षात आलं, बांगड्या खुंटीवरच राहिल्या. परत जायचं तिच्या जिवावर आलं. डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसू नयेत, याचीही तिला काळजी होती.

दुसऱ्या दिवशी समिती कॉलेजात आली. अध्यक्ष सलिल देवधर, विद्यापीठातले जुने प्राध्यापक, शांत आणि बारीक नजरेचे. त्यांनी मुलांनी केलेली रेकॉर्डिंग्ज कान देऊन ऐकली, अक्षदाला खोदून खोदून प्रश्न विचारले. अक्षदा न अडखळता बोलली. मग मुलांना बाहेर पाठवलं. टेबलाच्या एका बाजूला क्षिप्रा आणि रचना मॅडम, समोर मितेश, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला.

"सामंत मॅडम," देवधर सर म्हणाले, "आमच्या बाळकुमला शेजारी आठवडाभर एकच गाणं वाजत होतं. त्याच्या सुरुवातीचा आवाज तुमचाच ना?"

"हो सर. तो... चुकून आला."

"हरकत नाही. पण मग मला विचारावंच लागेल. भोईरांशी तुमचं काही वैयक्तिक नातं आहे का?"

रचना मॅडमनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. समोर मितेश खाली बघत होता. 'नाही' अगदी जिभेवर होतं. क्षिप्राने तोंड उघडलं... आणि शब्द फुटेना. खोली गप्प झाली. कोणी हलेना, कोणी बोलेना. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. तिच्यात तिने सत्रभर जे ऐकलं होतं, ते काहीच नव्हतं असं म्हणायचं? या एका गोष्टीची तिला कधी शंका आली नव्हती. बाकी सगळ्याची आली होती, हिची नाही.

"माझ्याकडून आहे, सर," ती म्हणाली. "त्यांच्याकडून... मला माहीत नाही."

रचना मॅडमनी कपाळाला हात लावला. देवधर सरांनी चष्मा काढला. मितेश एकदम उभा राहिला, खुर्ची मागे कलंडली.

"माझ्याकडून पण आहे, सर. त्या देव्हारा समजून आत आलेल्या ना... तेव्हापासून." त्याने खुर्चीकडे वळूनही बघितलं नाही. "काल मीच त्यांना नाही म्हणायला सांगितलं. वाटलं, माझ्यामुळे यांची नोकरी जाईल, पोरांचं वाटोळं होईल. सगळे म्हणतात या घाबरट आहेत. मी घाबरट आहे, सर. या नाहीत."

"बसा," देवधर सर म्हणाले. "खुर्ची उचला आधी, मग बसा."

तो बसला. सरांनी चष्मा पुसला, परत लावला.

"मुलांचं काम मी ऐकलं. ते चोख आहे. करार चालू राहील. पण समन्वयक बदलावा लागेल, आणि गुण देताना सामंत मॅडमचा संबंध असणार नाही. पुढच्या वर्षीच्या तासांचं कॉलेज बघेल, ते माझ्या हातात नाही. मान्य?"

"मान्य," क्षिप्रा म्हणाली.

"वेडी कुठली," रचना मॅडम तिच्या कानाशी पुटपुटल्या. "तुझ्या तासांसाठी आता मलाच भांडावं लागणार." आणि डोळे पुसत उठून गेल्या.

बाहेर व्हरांड्यात कोणी नव्हतं. क्षिप्रा मितेशकडे वळली.

"काय करून बसले मी! तास गेले तर? आईला काय सांगू? आणि तुमच्या घरी? त्यांना आगरीच मुलगी हवी असेल, आणि मुलांना कळलं तर ती मला वर्गात..."

मितेशने हात वर केला. तसाच, स्टुडिओत करायचा तसा.

ती गप्प झाली. तो बघत राहिला, ती बघत राहिली. मधे काच नव्हती. खाली मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, कँटीनमध्ये कप आपटत होते, आणि ती दोघं हलत नव्हती. तिच्या मनातली एकही काळजी मिटली नव्हती. पण ती सगळी आता दोघांची झाली होती.

मग त्याने शर्टाच्या खिशातून रुमालाची एक पुरचुंडी काढली. आत तिच्या बांगड्या होत्या.

"काल विसरून गेलेलीस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने एकेक बांगडी चढवली, फुटेल म्हणून जपून, जीभ दाताखाली धरून. तिने हात मागे घेतला. बांगड्या किणकिणायला लागल्या, तशी तिने सवयीने त्या दुसऱ्या हाताने घट्ट धरल्या.

मितेशने तिची बोटं हलकेच सोडवली.

"राहू दे," तो म्हणाला. "आता वाजू देत."